फोनला फसवायचे धडे: मोबाइल फोटोशी खेळायला लागणाऱ्यांसाठी

मोबाइलचा कॅमेरा स्वतःला फार शहाणा समजतो. अंधार दिसला की पटापट चार-आठ फोटो काढून एकात मिसळतो. हात हलला तर सावरून घेतो. चेहरा दिसला की त्याच्याभोवती चौकोन आखून तिथलाच उजेड मोजतो, आणि आकाश पांढरंफटक पडायला लागलं की गुपचूप निळं करून देतो. बारशाचे, लग्नाचे फोटो काढताना ही सगळी मदत हवीच असते. खेळायला बसलं की मात्र तीच आड येते, कारण त्याच्या मते 'चांगला' असलेला फोटो काढायचा हट्ट फोन सोडत नाही.

हा हट्ट कशावर उभा आहे ते कळलं की खेळ सोपा होतो. समोरचं दृश्य हलत नाही, दिव्याचा उजेड एकसारखा आहे, फोटो म्हणजे एकच क्षण, असं फोन धरून चालतो. यातलं एक काहीतरी खोटं पाडायचं, बाकीचं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं. एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फोटो मजेशीर येईलही, पण कशामुळे आला ते कळत नाही आणि तसा दुसरा काढता येत नाही.

आधीची तयारी

पहिली गोष्ट, लेन्स पुसा. खिशात आणि हातात फिरणाऱ्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतोच, आणि फोटो 'धुरकट येतात' ही तक्रार बऱ्याचदा तिथेच संपते. मऊ सुती कापड पुरतं.

मग कॅमेऱ्यात 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' नावाचा मोड आहे का ते शोधा. नसेल तर अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' नावाचं मोफत अ‍ॅप आहे. फोन बनवणाऱ्याने परवानगी ठेवली असेल तर त्यात शटर आणि आयएसओ हाताने ठरवता येतात. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही, पण त्यावरही एक वाट आहे, ती पुढे येईल. सेटिंगमधला ब्यूटी मोड आणि दृश्य ओळखून आपोआप रंग भरणारा एआय, दोन्ही बंद करा.

प्रो मोडमध्ये खूप आकडे दिसतील, घाबरू नका. जवळजवळ सगळ्या मोबाइलच्या लेन्सचं भोक ठरलेलं असतं, कमी-जास्त होत नाही. उरतात दोनच कळा. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा: १/१००० सेकंद म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी, ८ सेकंद म्हणजे निवांत. आयएसओ म्हणजे आत आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा. तो जितका जास्त तितके फोटोत दाणे जास्त. या लेखातल्या बहुतेक खेळांना आयएसओ सगळ्यात खालचा, ५० किंवा १००, ठेवायचा.

ट्रायपॉड नसला तरी अडत नाही. डाळीचा डबा, त्याला टेकवलेला फोन आणि तो घसरू नये म्हणून पुढ्यात तांदळाची छोटी पिशवी. बटण दाबताना फोन हलतोच, म्हणून ३ सेकंदांचा टायमर लावा.

हात बसवायला: डबक्यातलं आकाश

पावसाळ्यात हा खेळ दारातच मिळतो. साचलेल्या पाण्याजवळ बसा आणि फोन उलटा धरा, लेन्स जमिनीकडे. लेन्स फोनच्या वरच्या टोकाला असते, त्यामुळे सरळ धरलेल्या फोनमधून डबकं म्हणजे नुसता चिखलाचा ठिपका दिसतो. उलटा धरून लेन्स पाण्याच्या बोटभर वर आणली की वीतभर डबक्याचं तळं होतं आणि समोरची चाळ त्यात आख्खी उतरते.

आता स्क्रीनवर बोट टेकवून फोकस बदलून बघा. पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर टेकवलं तर पान स्पष्ट आणि इमारतीचं प्रतिबिंब धूसर. प्रतिबिंबावर टेकवलं तर उलटं. दोन्ही एकाच पाण्यावर दिसत असली तरी लेन्सच्या हिशेबाने प्रतिबिंब इमारतीइतकंच लांब असतं. फोटो नंतर उभाचा आडवा, उलटा करून पाहा. प्रतिबिंब वर आणि खरी इमारत खाली ठेवली की बघणारा दोन क्षण अडकतो.

दृश्य हलत नाही म्हणतोस? बघ मग

माझ्या मते फोनमधलं सगळ्यात दुर्लक्षित खेळणं म्हणजे पॅनोरमा. लोक तो महाबळेश्वरच्या पॉइंटवर एकदा वापरतात आणि विसरून जातात. पॅनोरमा म्हणजे एक फोटो नाही. फोन फिरत असताना उभ्या पट्ट्या घेत जातो आणि त्या शेजारी शेजारी चिकटवतो. डावीकडची पट्टी आणि उजवीकडची पट्टी यांच्यामध्ये दहा-पंधरा सेकंद गेलेले असतात. एवढ्या वेळात दृश्य जागेवर राहील, असं तो धरून चालतो.

एकाच माणसाला एकाच फोटोत तीनदा उभं करायचं असेल तर असं करा. मोकळी जागा निवडा, गच्ची किंवा शाळेचं मैदान. मित्राला डाव्या टोकाला उभं करा. पॅनोरमा सुरू करून फोन डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. मित्र चौकटीतून पूर्ण बाहेर गेला की थांबा, फोन तिथेच स्थिर धरा, आणि त्याला सांगा, 'पळ!' त्याने तुमच्या पाठीमागून पळत जाऊन चौकटीच्या पुढे मधोमध उभं राहायचं. पुढून पळाला तर मध्येच त्याचा एखादा पाय किंवा अर्धं डोकं चिकटेल. तो नीट उभा राहिला की फोन पुन्हा पुढे, तो बाहेर गेला की थांबा, पुन्हा पळापळ. प्रत्येक ठिकाणी त्याने वेगळा अवतार घेतला, एकदा भांडणारा, एकदा सोडवणारा, एकदा मजा बघणारा, तर फोटोत गोष्टच तयार होते.

दोन बारकावे. फिरताना फोन हाताच्या अंतरावर धरून स्वतःभोवती गिरकी घेऊ नका. फोन जागच्या जागी राहील आणि तुम्ही त्याच्याभोवती सरकाल असं बघा. नाहीतर जवळच्या वस्तू पट्टीगणिक सरकतात आणि कठड्याच्या पायऱ्या होतात. दुसरं, सुरुवातीला सूर्याकडे तोंड करू नका. मध्यम उजेडाच्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे पुढचा अर्धा फोटो काळा पडत नाही.

हे जमलं की मुद्दाम बिघडवा. फिरवताना फोन मध्येच किंचित वर-खाली करा. जोड निखळतात आणि भिंत दातेरी होते. रस्त्यावरच्या कुत्र्यावर पॅनोरमा लावा: ते फोनच्या दिशेनेच चालत गेलं तर रेल्वेच्या डब्याएवढं लांब होतं, उलट दिशेने गेलं तर नुसतं डोकं आणि शेपूट उरतं. फोन आडवा धरून खालून वर पॅनोरमा घ्या, वडाच्या बुंध्यापासून सुरू करून डोक्यावरून थेट मागच्या पारंब्यांपर्यंत. एसटीच्या खिडकीत बसला असाल तर फोन गजांच्या आत ठेवून बाहेरच्या पळत्या दृश्यावर पॅनोरमा सुरू करा. काही फोन 'सावकाश हलवा' म्हणून कटकट करतील, काही खांबांचे तुकडे करतील. प्रत्येक फोनची खोड वेगळी, आणि ती शोधणं हाच खेळ. लोकलच्या दारातून मात्र हे करू नका.

उजेड स्थिर नसतो

मोबाइलचा सेन्सर आख्खं दृश्य एका दमात वाचत नाही; ओळीमागून ओळ वाचत जातो. यावर दोन खेळ आहेत आणि दोन्हींना घराबाहेर पडावं लागत नाही.

एक, छताचा पंखा. भर दुपारी खिडक्या उघडून खोली उजळ करा, पंखा फुल स्पीडवर ठेवा, शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान. पंखा मिनिटाला साधारण ३५० फेऱ्या मारत असेल आणि फोनला पूर्ण चित्र वाचायला १/५० सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात पातं जवळपास ४० अंश पुढे सरकतं. सरळ पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात. फोन आडवा-उभा फिरवला की वाक बदलतो. फोटो काळपट आला तर इथे आयएसओ वाढवायला हरकत नाही.

दोन, घरातले दिवे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर फोटो स्वच्छ येतो, कारण प्रत्येक ओळीच्या वाट्याला पूर्ण लाट येते. १/१००० वर नेलं की भिंतीवर काळे पट्टे उमटतात. चांगल्या प्रतीच्या एलईडीत हे जवळजवळ दिसत नाही, स्वस्तातल्या बल्बमध्ये ठसठशीत दिसतं. पट्ट्यांमध्ये बसवून कुणाचा तरी चेहरा टिपा. जाळीमागून ऊन आल्यासारखी सावली पडते. घरातला कुठला बल्ब फडफडतो तेही आपसूक कळतं.

अंधारात लिहिणं

दिवाळी असेल तर फुलबाजी, नसेल तर दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च. टॉर्चवर मिठाईच्या खोक्यावरचा किंवा पुष्पगुच्छाचा रंगीत जिलेटिन कागद लावला की शाई बदलते.

फोन डब्याला टेकवून ठेवा. आयएसओ १००, शटर ८ सेकंद. अंधारात फोन फोकस शोधत भटकतो, म्हणून लिहिणाऱ्याच्या छातीवर आधी टॉर्च मारा, तिथे फोकस करा आणि मॅन्युअल फोकसवर तो तसाच अडकवून ठेवा. मग दिवे घालवा. लिहिणाऱ्याने काळे कपडे घातले आणि एका जागी थांबला नाही तर तो फोटोत जवळजवळ दिसतच नाही, फक्त अक्षरं उरतात. कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलं की अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात. नंतर फोटो डावा-उजवा पलटा, उलटं लिहायचा सराव करत बसू नका.

मराठी लिहिताना खरी कसोटी आहे ती सलग पातळी राखायची. अंधारात दुसरं अक्षर हमखास वर चढतं. एका खुर्चीची पाठ लिहिणाऱ्याच्या शेजारी ठेवा आणि तिच्या उंचीवरून अक्षरं खाली लोंबवा. दोन अक्षरांच्या मध्ये टॉर्चवर तळहात ठेवा, नाहीतर सगळं धाग्याने ओवल्यासारखं होतं. शिरोरेषा शेवटी, एका झटक्यात.

याच सेटिंगवर भूतही काढता येतं. खोलीत झीरोचा दिवा तेवढा ठेवा. मित्राने ८ पैकी पहिली चार सेकंद खुर्चीत अजिबात न हलता बसायचं आणि मग उठून निघून जायचं. खुर्चीची पाठ त्याच्या अंगातून आरपार दिसते.

आयफोनवाल्यांची वाट इथे: लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा आणि नंतर गॅलरीत त्याला 'लाँग एक्स्पोजर' लावा. फोन तीनेक सेकंदांची हालचाल एकत्र मिसळतो. लिहायला वेळ कमी पडतो, पण समुद्राच्या लाटा, धबधबा, रात्रीच्या गाड्यांचे लाल दिवे यांना तेवढा पुरेसा आहे.

फुलबाजी असेल तर शेजारी पाण्याची बादली ठेवा. आणि मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांकडे फोन कधीच रोखू नका. किरण थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा जळू शकतो.

एका फोटोत दोन

रिळाच्या काळात फिल्म पुढे न सरकवता त्याच चौकटीवर दुसरा फोटो घेत. आता स्नॅपसीड या मोफत अ‍ॅपमध्ये 'डबल एक्स्पोजर' नावाचं टूल आहे. दोन कुठलेही फोटो एकमेकांवर टाकले की बहुतेक वेळा नुसती खिचडी होते, म्हणून पहिला फोटो विचार करून काढावा लागतो.

संध्याकाळी गच्चीवर कुणाला तरी चेहरा एका बाजूला वळवून उभं करा, मागे उजळ आकाश. आकाशावर बोट टेकवून उजेड ठरवा, म्हणजे माणूस काळा पडेल, नाकाची रेषा, केसांची बट स्पष्ट दिसेल. दुसरा फोटो झाडाच्या गच्च पानोळ्याचा किंवा बाजारातल्या फुलांच्या ढिगाचा. पहिला फोटो उघडा, डबल एक्स्पोजरमध्ये दुसरा जोडा, मिश्रणाच्या प्रकारांतून 'लाइटन' निवडा. या प्रकारात प्रत्येक ठिकाणी दोघांतला जास्त उजळ ठिपका उरतो. आकाश आधीच उजळ, ते तसंच राहतं. माणूस काळा, म्हणून त्याच्या आकारात फुलं भरतात. 'डार्कन'ला याच्या बरोबर उलटं. हे एवढं कळलं की बाकीचे प्रकार नुसते दाबून बघा.

तयार फिल्टरांविषयी मी फारसं सांगणार नाही. ते लावायला शिकावं लागत नाही, आणि लावलेले लगेच ओळखू येतात.

अनेक क्षण

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ साली पोलरॉइड फोटोंचे तुकडे शेजारी शेजारी मांडून आख्खी दृश्यं उभी केली. प्रत्येक तुकडा वेगळ्या क्षणाचा आणि जरा वेगळ्या कोनातला, त्यामुळे चित्रातला माणूस बोलता बोलता मान वळवतोय असं वाटतं. पुढे २००९ च्या सुमारास हेच गृहस्थ आयफोनवर बोटाने चित्रं काढत होते.

हा प्रकार स्वयंपाकघरात करून बघा. आई किंवा आजी पोळ्या करत असेल तर एका जागी उभे राहून जवळून २५-३० फोटो घ्या: कणकेचा गोळा, लाटणं, बांगड्या, तव्यावरची फुगलेली पोळी, कपाळावरचा घाम, पुन्हा लाटणं. आख्खं दृश्य एकाही फोटोत घेऊ नका. मग 'आयबिस पेंट'सारख्या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये मोठा पांढरा कागद घेऊन प्रत्येक फोटो वेगळ्या थरावर (लेयरवर) आणा आणि जुळवा. कडा तंतोतंत जुळवायचा मोह आवरा. तीन लाटणी आणि चार हात दिसले तर उत्तम. स्वस्त फोनवर मोठ्या कागदाला थर कमी मिळतात. तसं झालं तर पाच-सहा फोटो जुळले की ते थर एकत्र करून पुढे जा.

क्षण मांडायची दुसरी तऱ्हा आपल्याकडची. १९१२ साली, सिनेमाला पैसे लावायला कुणी तयार होईना तेव्हा, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट टिपत जाऊन तिची छोटीशी फिल्म केली आणि भांडवल देणाऱ्यांना दाखवली. तोच खेळ मटकीवर करता येतो आणि एका मुक्कामात संपतो. काचेच्या ग्लासात ओला कागद आतून चिकटवा, कागद आणि काच यांच्यामध्ये भिजवलेली मटकी अडकवा. जुना फोन चार्जरला लावून समोर ठेवा. 'ओपन कॅमेरा'त ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेत राहायची सोय आहे. दर ५ मिनिटांनी एक असे ३० तासांत ३६० फोटो होतात. सेकंदाला २४ या वेगाने जोडले की १५ सेकंदांचा व्हिडिओ. खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो, म्हणून पडदे ओढून एकच दिवा सतत चालू ठेवा आणि फोकस, शटर, आयएसओ तिन्ही अडकवून टाका. कागद वाळू देऊ नका, पण पाणी घालताना ग्लास हलवू नका.

फोटोवर रेघोट्या

लहान मुलं घरात असतील तर इथूनच सुरुवात करा. संध्याकाळचं तिरपं ऊन येत असताना कागदावर किंवा फरशीवर चमचा, किसणी, झारा, कात्री ठेवा आणि लांब सावल्यांचे फोटो घ्या. आयबिस पेंटमध्ये फोटो खालच्या थरावर, त्याच्यावर नवीन कोरा थर, आणि सावलीला डोळे-पाय काढा. झाऱ्याचा मोर होतो, कात्रीचा बगळा. चित्र वरच्या थरावर असल्यामुळे कितीही खोडलं तरी फोटोला धक्का लागत नाही. स्टायलस लागत नाही. याच अ‍ॅपमधल्या कॅलिडोस्कोप पट्टीवर एक रेघ ओढली की ती चहूबाजूंनी उमटते. रांगोळी काढणाऱ्यांचा यात सहज तास जातो.

ठेवणं आणि छापणं

मूळ फोटो कधी बदलू नका, प्रतीवर काम करा. खेळाच्या फोटोंना वेगळा अल्बम ठेवा आणि फसलेले त्याच दिवशी पुसू नका. कशाने फसले ते आठवडाभराने जास्त नीट दिसतं. ओळखू येणारं अनोळखी माणूस, विशेषतः लहान मूल, फोटोत असेल तर कुठेही टाकण्याआधी विचारा. तीन धडांचा किंवा अर्ध्या डोक्याचा स्वतःचा फोटो सगळ्यांनाच गमतीचा वाटतो असं नाही.

कुणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो बराच आकसतो. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर साधारण १३ बाय १० इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. लॅबमध्ये देताना 'कलर करेक्शन करू नका' असं स्पष्ट सांगा, जमलं तर पाकिटावर लिहा. त्यांचं यंत्रही फोनसारखंच शहाणं असतं: काळा ठेवलेला माणूस उजळवून टाकतं.